चोंबडीच्या दोन घंट्या

बाबागाडी कलंडली आणि तिच्यातून गोल, पांढुरकं काहीतरी घरंगळत बाहेर आलं. तो कोबीचा गड्डा आहे हे कळायला ड्रायव्हरला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तो म्हातारा झाला. एकाहत्तर वर्षं जे त्याला जमलं नव्हतं ते एका श्वासात उरकलं. समोरच्या छोट्या पडद्यावर गाडीच्या मागचं सगळं दिसत होतं, चमच्याच्या पाठीत आपलं तोंड दिसतं तसं फुगलेलं, वाकडं; आणि त्या पडद्यावर ते गोल डोकं एकदा उलटं, एकदा सुलटं होत गटाराच्या जाळीपर्यंत गेलं आणि तिथे अडलं. मग त्याची पानं दिसली. पानं आहेत म्हणजे कोबी, कोबी आहे म्हणजे बाळ नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती डोक्यातून छातीत उतरायला केवढा तरी वेळ लागला, आणि छातीतून पायात तर ती उतरलीच नाही. उजवा पाय आता ब्रेकवर होता, सगळा जोर लावून, गाडी बंद केली तरी दाबून धरलेला, आणि पोटरी अशी थरथरत होती की बघणाऱ्याला वाटावं इंजिन हिच्यातच बसवलंय.

मागच्या सीटवरून बायको कधीच उतरली होती. बाबागाडी तळमजल्यावरच्या टेलरची. टेलरने दुकान बंद करून सहा वर्षं झाली, नातवंडं बाबागाडीतून उतरून कॉलेजात गेली, पण गाडी चांगली लोखंडी, मजबूत, टाकवत नव्हती, म्हणून रोज सकाळी तो तिच्यातून भाजी आणायचा. आता तो मधोमध उभा होता, दांडा हातातून सुटलेला, पण बोटं अजून दांडा धरल्यासारखी वळलेली.

"ड्रायव्हर," तो म्हणाला, "मला उडवायचंच होतं तर आधी माप तरी घ्यायचं."

"लागलं का हो तुम्हाला कुठे?" बायकोने विचारलं.

"मला नाही. कोबीला खरचटलंय."

दोघं हसली. टेलर वाकून बटाटे गोळा करायला लागला, बायको कोबी आणायला जाळीपाशी गेली, वरच्या गॅलरीतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं आणि ती दोघं एकदमच म्हणाली, काही नाही, काही नाही. ड्रायव्हरला हसता आलं नाही आणि उतरताही आलं नाही. तो ऐकत बसला. गाडीतली घंटी थांबून आता बराच वेळ झाला होता, पण कानात ती तशीच होती. टिंग-टिंग. दोनदा. स्वच्छ, न घाईची, मध्ये अगदी एवढंसं अंतर ठेवून. ती वाजली होती, हीच तर गोष्ट होती. ती वाजली होती आणि ऐकल्यावर त्याचा पाय ब्रेकवरून उठून शहाण्या मुलासारखा पलीकडच्या पेडलवर गेला होता.

गाडी दोन महिन्यांपूर्वी लेकीने घेऊन दिलेली. लेक डोळे तपासायची. दिवसभर लोकांना कुठलं अक्षर दिसतं आणि कुठलं दिसत नाही ते विचारायची, त्यामुळे कुणाला काय दिसत नाही हे तिला कुणी सांगायला लागायचं नाही. "बाबा, तुमची मान आता वळत नाही," ती म्हणाली होती, "म्हणून मान असलेली गाडी आणलीय." रिव्हर्स टाकला की गाडी आपली आपण मागे दोन्हीकडे लक्ष ठेवायची. बंपरच्या दोन कोपऱ्यांत आतून दोन कान लावलेले. डावीकडून, उजवीकडून काही आडवं यायला लागलं, मग ती मोटार असो, सायकल असो, नाहीतर ढकलगाडी असो, आरशात लाल बाण पेटायचा आणि घंटी वाजायची. पुस्तकात तिचं नाव लांबलचक होतं, क्रॉस ट्रॅफिक काहीतरी. बायकोने पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं केलं: चोंबडी. कोण आलं, कोण गेलं, हिला सगळं सांगायचं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची धाकटी बहीण शोभते. पण चोंबडी म्हणत म्हणत तिची बडदास्त मात्र दोघांनी सुनेसारखी ठेवली. पुस्तकात लिहिलं होतं की कानांवर चिखल बसू देऊ नका, पाण्याचा जोराचा फवारा जवळून मारू नका, मऊ ओल्या फडक्याने पुसा. ड्रायव्हर रोज सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन तिचे कान पुसायचा. बायको गॅलरीतून ओरडायची, "मागून पण पुसा, मळ तिथेच साठतो," आणि सगळ्या सोसायटीला कळायचं की ड्रायव्हर अंघोळ घालायला उतरलेत.

हे दोन महिने तो घाबरून चालवत होता, म्हणून काही झालं नाही. बाण बघायचा, पडदा बघायचा, घंटी वाजली की दचकून थांबायचा. आणि बायको पुढे बसायची, त्याच्या शेजारी, लेकीचा तसा हुकूमच होता. पण त्या सकाळी पुढच्या सीटवर दुरुस्तीला न्यायचा पंखा ठेवला होता, पातं वाकू नये म्हणून पट्टा लावून, एखाद्या साहेबासारखा. म्हणून बायको मागे बसली. डावीकडे, दाराला लागून. बसली, दार ओढून घेतलं, आणि त्या दाराचा आवाज त्याच्या पाठीला कुठेतरी खोल ओळखीचा वाटला. पाठ सैल झाली. खांदे उतरले. न वळणाऱ्या मानेला आता वळायची गरजच उरली नाही. तो घाबरायचं विसरला.

चौतीस वर्षं त्याने बस चालवली. त्यातली एकोणीस वर्षं त्याच्या मागे ही होती. त्याच्या खाकीच्या मागे तिची खाकी, मध्ये पन्नास माणसं, आणि छताला लागून पुढून मागे गेलेली एक दोरी. सगळा संसार आधी त्या दोरीवरच झाला. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे गाडी भरलीय, स्टॉपवर माणसं हात करतायत तिकडे बघू नको. ड्रायव्हरने मागे बघायचं नसतं. पुढचं जग त्याचं, मागचं जग मास्तरचं. कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणायचे, ती बाई असली तरी मास्तरच. म्हातारीचा पाय फूटबोर्डवरून निघाला का, पोराचं दप्तर दारात अडकलंय का, मागून सायकल घुसतेय का, हे सगळं तिने बघायचं, आणि सगळं बघून झालं की दोन घंट्या. त्या दोन घंट्यांत विचार करायला जागाच नसायची. त्या कानातून थेट तळपायात जायच्या, मध्ये कुणाला न विचारता. हिच्या आधीचा मास्तर घंटी अशी ओढायचा की घरातला राग दोरीवर निघतोय. हिने पहिल्या दिवशी दोन घंट्या दिल्या, मध्ये एवढंसं अंतर ठेवून, आणि त्याला वाटलं, कुणीतरी विचारून निघायला सांगतंय. पुढे तर तो घंटीवरून तिचं डोकं दुखतंय का ते ओळखायचा. एकदा भांडण झालं तेव्हा तिने अकरा स्टॉप एकसारख्या कोरड्या घंट्या दिल्या, मीठ नसल्यासारख्या. बायको ही गोष्ट सांगताना म्हणायची की अकरा नाही, एकोणतीस स्टॉप, आणि शेवटच्या स्टॉपला बस रडायला लागली, वायपरने पुसावं लागलं.

आणि ती दुसरी गोष्ट, जी ती लग्नकार्यात, दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या, कुठेही सांगायची. डेपोत एका दुपारी त्याने तिला विचारलं. काय विचारलं ते प्रत्येक वेळी बदलायचं, पण विचारलं. ती काही बोलली नाही. बसमध्ये चढली, मागे गेली, आणि दोन घंट्या दिल्या. "आणि हे काय करतात, तर गियर टाकून बस घेऊन निघाले. आठ दिवस. आठ दिवस मी होकार देऊन बसलेय आणि हा माणूस गाडी चालवतोय." इथे ऐकणारे हसायचे आणि ड्रायव्हर पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचा. खरं म्हणजे त्यात त्याची काही चूक नव्हती. दोन घंट्या म्हणजे निघ. तो निघाला. पण या कोबीनंतर पहिल्यांदाच त्याला त्या गोष्टीची भीती वाटली. त्याचा तळपाय किती आंधळेपणाने ऐकतो, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, हसून हसून ठाऊक होतं, आणि त्यालाच नव्हतं.

संध्याकाळी लेक आली. कोबीची बातमी तिला जिन्यातच भेटली होती. "काय झालं नीट सांगा," ती चपला काढता काढता म्हणाली. ड्रायव्हरने तोंड उघडलं, पण बायकोने त्याच्याआधी दोरी ओढली.

"काय होणार? तुझी ती चोंबडी. रोज पाखरू उडालं तरी बोंबलते, आज तोंडातून अक्षर नाही. आणि टेलरची बाबागाडी म्हणजे काय सांगू, उतारावरून अशी सुटली होती, टेलर मागे लटकलेले, पाय जमिनीला नाहीत. कोबी पाच. पाचही पाच दिशांना."

"आई, तिथे उतार नाहीये."

"आता नाहीये. सकाळी होता."

लेक हसली नाही. तिने बाबांना खुर्चीत बसवलं, भिंतीवर पुठ्ठा टांगला, आधी एक डोळा झाकला मग दुसरा. ड्रायव्हर सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत वाचत गेला. वाचता वाचता त्याला वाटत होतं, एक तरी अक्षर चुकावं. डोळ्यांचं असेल तर बरं. डोळ्यांना चष्मा असतो. पण अक्षरं एकामागून एक साफ दिसत होती, मुंग्या ओळीने जाव्यात तशी, आणि शेवटचं अक्षरही बरोबर आलं. डोळे चांगले, कान चांगले. मग राहिलं काय, तर मधलं. त्याच्या थोरल्या भावाचं मधलं गेलं होतं. तो शेवटी शेवटी शर्टाच्या बाहीत पाय घालायचा आणि सगळ्यांवर रागवायचा.

"डोळे उत्तम," लेक म्हणाली आणि सुटल्यासारखी खाली बसली. "म्हणजे गाडीचाच बिघाड. उद्याच्या उद्या वर्कशॉपला दाखवा. बाबा, सोमवारपासून माझी संध्याकाळची पाळी आहे. पोहण्याच्या क्लासमधून तुमच्या नातीला तुम्हीच आणायचंय, हे तिने आख्ख्या वर्गाला सांगून ठेवलंय. आमचे आजोबा बस चालवायचे. मुलं रांग लावणार आहेत तुम्हाला बघायला. तेवढी ती यंत्रणा ठीक करून घ्या, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण सात वर्षांची ती पोर, केसांतून पाणी गळतंय, खांद्यावर टॉवेल, फाटकापाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघतेय, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की शब्द परत खाली गेले. दोन महिने तो या सोमवारसाठी जगत होता. आणि मग त्याच चित्रात, त्याच फाटकापाशी, त्याला त्याचीच गाडी मागे येताना दिसली. टिंग-टिंग.

टेलरने अर्धा कोबी पाठवला होता. बायकोने तो शिजवला. ड्रायव्हर ताटातल्या त्या पांढऱ्या, मऊ पडलेल्या पानांकडे बघत बसला. घास उचलला आणि परत ठेवला.

"खा," बायको म्हणाली. "त्याने केस मागे घेतलीय."

वर्कशॉपमध्ये एक मेकॅनिक बाई होती. वय तिशीचं असेल, पण बोटांवरचं ग्रीस पन्नाशीचं. चष्मा कपाळावर चढवलेला. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, उकिडवी बसली, आणि बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर नखाने टकटक केलं. तिथे चकचकीत रुपेरी कागदाचा एक मासा चिकटवलेला होता. नातीला पहिल्यांदा न थांबता तलावाची लांबी पार केल्याबद्दल मिळालेला मासा. तिने तो आजीला बक्षीस दिला आणि आजीने गाडीवरचा एक ओरखडा झाकायला तो तिथे लावला.

"हा कुणी लावला?"

"सुंदर आहे की नाही?" बायको म्हणाली.

"मावशी, सुंदर आहे, पण बरोबर कानावर बसलाय. कान बंपरच्या आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. साधा चिखल सुद्धा नको तिथे, आणि हा तर धातूचा कागद. याच्या आडून तिला काय ऐकू येणार?" ती ड्रायव्हरकडे वळली. "रोज पुसता ना काका? दिसतंय, चकाचक ठेवलंय. माशाला पण पुसलंय. हाच झाला तुमचा बिघाड. काढून टाकते, तपासून देते, विषय संपला."

विषय संपला. ड्रायव्हरला वाटलं, किती सोपं होतं. मासा. सगळं माशाने केलं. लेकीला सांगायचं मासा, लेक हसेल, नात म्हणेल माझ्या माशामुळे, आणि सोमवारी तो फाटकापाशी उभा असेल. मेकॅनिक बाई माशाची शेपटी नखाने सोडवत होती, आणि सोडवता सोडवता सहज, मान वर न करता, तिने विचारलं, "बाबागाडी उजवीकडूनच आली होती ना?"

"उजवीकडून," बायको ताबडतोब म्हणाली.

वर्कशॉपमध्ये कुठेतरी हवेचा पाइप फुसफुसत होता. खाली जमिनीवर तेलाचा एक डाग होता, त्याच्यात छपराचा दिवा उलटा लटकलेला. ड्रायव्हर त्या दिव्याकडे बघत राहिला. एकोणीस वर्षं त्याने ही घंटी मानली होती. ती म्हणाली निघ, तो निघाला. आताही ती मागून सांगत होती: मी सगळं बघितलंय, कुणी दारात अडकलेलं नाही, निघ. त्याच्या तळपायाला ते कळलं. आणि तळपाय उचलायचा त्याला धीर झाला नाही, कारण दारात कुणीतरी अडकलेलं होतं. ओल्या केसांचं.

"डावीकडून आली," तो म्हणाला. "आणि चोंबडी वाजली. दोनदा वाजली. वाजली म्हणूनच मी निघालो."

मेकॅनिक बाईने मान वर केली. "वाजली म्हणून थांबायचं असतं, काका."

"हो. माहितीय."

"मग?"

चौतीस वर्षं कशी सांगायची, आणि तीही ग्रीसच्या वासात. त्याने नुसता हात वर केला, छताला लागून आता नसलेल्या दोरीला, आणि ती दोनदा ओढली. बाईला काही कळलं नाही. बायकोला कळलं. तिने दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली आणि बराच वेळ काही बोलली नाही, जे तिच्या बाबतीत डॉक्टरला सांगण्यासारखं होतं.

मग म्हणाली, "मला पण तसंच झालं."

"काय तसं?"

"मी मागे बसले होते. दारापाशी. दोन घंट्या ऐकल्या आणि मला वाटलं, झालं, बघून झालंय मागचं. कुणी बघितलं, ते मी स्वतःला विचारलंच नाही. टेलर मला काचेतून दिसत होते, डाव्या बाजूला, बाबागाडी घेऊन. मी त्यांच्याकडे बघून मान पण हलवली. आणि घंटी झाली म्हणून निवांत बसून राहिले." तिने नाक ओढलं. "एकोणीस वर्षांत माझ्या गाडीखाली मांजर आलं नाही. म्हणून काल पाच कोबी झाले, नाहीतर मी एकावर भागवलं असतं."

ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं. काल संध्याकाळपासून त्याला वाटत होतं, ती त्याला वाचवायला थापा मारतेय. ती तर दोघांना मिळून एकाच चादरीखाली लपवत होती. छातीवर बसलेला भाऊ, बाहीत पाय घातलेला, जरासा सरकला. मधलं गेलेलं नव्हतं. उलट मधलं इतकं घट्ट होतं की काही सुटतच नव्हतं.

"तिचा आवाज बदलता येईल का?" बायकोने विचारलं. "एकच घंटी द्यायला शिकवा तिला."

मेकॅनिक बाईने पडद्यावर बरंच काही उघडून बघितलं. "लहान मोठा करता येतो, मावशी. दोनाची एक नाही करता येत. ती आहे तशी आहे." तिने मासा अलगद सुटा करून बायकोच्या हातात दिला, मग ट्रॉली ढकलत गाडीच्या मागून आधी डावीकडून, मग उजवीकडून गेली. दोन्ही वेळा बाण पेटला, दोन्ही वेळा टिंग-टिंग. "गाडी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "आणि एक लक्षात ठेवा. शेजारी मोठी गाडी उभी असेल तर शेपूट बाहेर निघेपर्यंत हिला काही ऐकू येत नाही. ही तुमच्या मदतीला आहे, तुमच्या जागेवर नाही."

लेकीला त्यानेच सांगितलं, फोनवर नाही, तिच्या दवाखान्यात जाऊन, रुग्णांच्या स्टुलावर बसून. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, अक्षरांच्या पुठ्ठ्याशेजारी. लेक किल्लीकडे बघत राहिली. "लहानपणी मला वाटायचं," ती म्हणाली, "आई घंटी वाजवते म्हणून बस चालते. इंजिन असतं हे मला खूप उशिरा कळलं." मग तिने किल्ली त्याच्याकडे सरकवली, पण बोट तिच्यावरून काढलं नाही. "सोमवारी मी पाळीला उशिरा जाईन, साडेतीनला तुमच्या शेजारी बसेन. पाय चुकला तर किल्ली माझी. मी परत विचारणार नाही, तुम्ही परत मागायची नाही."

"चालेल," ड्रायव्हर म्हणाला.

मधल्या दोन दिवसांत पलीकडच्या मोकळ्या मैदानात जे चाललं ते बघायला लहान मुलं खेळ सोडून बसली. ड्रायव्हर गाडी मागे घ्यायचा, टेलर बाबागाडी घेऊन आडवा जायचा, भरपूर लांबून, आणि मास्तर मध्ये उभी राहून दोघांवर ओरडायची. कोबी संपला होता म्हणून बाबागाडीत भोपळा ठेवला होता. "आयुष्यभर मी दुसऱ्यांना उभं करून मापं घेतली," टेलर धापा टाकत म्हणाला, "आता त्याची फेड चाललीय." पहिल्या दिवशी पाय सात वेळा उचलला गेला. पेडलपर्यंत पोचला नाही, पण उचलला गेला. तळपायात घंटीबरोबर एक मुंगी उठायची आणि ड्रायव्हर बघतोय तोवर टाच सुटलेली असायची. तो पायाला शिव्या द्यायचा, पाय गप्प बसायचा, आणि पुढच्या घंटीला पुन्हा तेच. जुन्या नोकरासारखा. रागवायचं तरी कसं, त्याने कधी खाडा केला नव्हता.

शेवटी बायको खिडकीशी आली. "तुम्ही त्याला उगीच शिव्या देताय," ती म्हणाली. "पायाला सांगा, घंटी कोण मारतंय ते बघ. डबल घंटी द्यायचा अधिकार कुणाला?"

"मास्तरला."

"चोंबडीकडे बिल्ला आहे?"

"नाही."

"मग ती काय डबल देते? ती पॅसेंजर आहे. पॅसेंजरने दोरी ओढली तर काय करायचं?"

"गाडी थांबवायची," ड्रायव्हर म्हणाला, "आणि विचारायचं, कोण रे तो."

"विचारा मग."

त्यानंतर पाय तीनदा उचलला गेला. मग एकदा. रविवारी दुपारी टेलर वीस वेळा आडवा गेला आणि पाय जागचा हलला नाही. त्या रात्री ड्रायव्हर जेवला, दोनदा वाढून घेतलं. बायकोच्या सांगण्यात टेलर तोवर चारशे वेळा आडवा गेला होता आणि भोपळ्याला चक्कर आली होती.

सोमवारी साडेतीनला लेक पुढे बसली. पंख्याच्या जागी. मागे डावीकडे, दाराला लागून, बायको. दार ओढल्याचा तो आवाज पाठीवर आला आणि ड्रायव्हरने खांदे मुद्दाम ताठ ठेवले. शेजारी कुणाची तरी उंच गाडी उभी होती. त्याने रिव्हर्स टाकला आणि इंच इंच मागे सरकायला लागला, शेपूट बाहेर निघेपर्यंत, चोंबडीचे कान मोकळे होईपर्यंत. लेकीने हात मांडीवर घट्ट धरले होते. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. काल पुसलेल्या काचेतून दुपारचं ऊन सरळ पडद्यावर पडत होतं, त्यात रस्ता पुसट झालेला.

टिंग-टिंग.

मुंगी उठली. टाचेपर्यंत गेली, तिथे थबकली, कोण रे तो म्हणाली, आणि बसली. पाय ब्रेकवर होता. ड्रायव्हरने ठरवायच्या आधीच तो तिथे होता. पडद्यावर डावीकडून बाबागाडी आली, तिच्यामागे टेलर, आज न ठरवता, सकाळी राहून गेलेल्या खरोखरच्या भाजीला निघालेला. गाडीच्या मागून जाताना त्याने रिकाम्या पिशवीने सलाम केला आणि पलीकडे गेला. बाण विझला. घंटी थांबली.

"गेले ते," लेक म्हणाली. "चला बाबा."

ड्रायव्हर हलला नाही. चोंबडी गप्प होती, आणि तो तिच्या गप्प बसण्याकडे कान लावून होता. कुणीतरी आहे, एवढंच तिला म्हणता यायचं. कुणी नाही, जा, हे तिच्या गळ्यातच नव्हतं. सांगायचं असेल ते सांगून ती मोकळी झाली होती आणि पुढचं कुणीतरी बोलायला हवं होतं. मागे सीट करकरली. बायको गुडघ्यावर हात टेकून पुरती वळली असावी. तिने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, हे त्याला न बघता पाठीला कळत होतं. तिचा श्वास मागच्या काचेवर आला असेल. तिने तो पदराने पुसला असेल. ती घाई करणार नव्हती, आणि त्यालाही घाई नव्हती.

मग खिडकीच्या काचेवर, बोटाच्या पेराने: ठक. ठक. मध्ये एवढंसं अंतर ठेवून.

"आई, हे काय?" लेकीने विचारलं.

"होकार," आई म्हणाली.

ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय उचलला. या वेळी त्याला आठ दिवस लागले नाहीत.